वीस तास मोजले, अट वाचलीच नाही

प्रश्न: मॅडम, मी मूळचा सांगलीचा. लंडनमध्ये एमएस्सी पूर्ण केलं. शिकताना आठ-नऊ महिने फूड डिलिव्हरी केली. अकाउंट माझ्या नावावर नव्हतं, ओळखीतल्या एकाचं आठवड्याला 60 पौंड भाड्याने घेतलं होतं. टर्म चालू असताना आठवड्याला मुभा असलेल्या 20 तासांच्या वर कधी गेलो नाही, उन्हाळ्यात मात्र सुट्टी म्हणून जास्त केलं. निकाल लागलाय, विद्यापीठाने तो होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या इथल्या गृहखात्याला, कळवलाय. व्हिसा संपायला तीन आठवडे आहेत. ग्रॅज्युएट रूटच्या (शिक्षणानंतर इथे राहून काम करू देणाऱ्या व्हिसाच्या) फॉर्ममध्ये 'व्हिसाच्या अटींचा कधी भंग केला आहे का' असं विचारलंय. ग्रुपवर सगळे म्हणतात, 'नाही' लिही, रेकॉर्ड कुठेच नाही. त्यात अकाउंटवाल्याने शेवटच्या दोन आठवड्यांचे पैसे अडवलेत. मागितले तर होम ऑफिसला कळवीन म्हणतो. तसं सध्या मी आठवड्यातून दोनच दिवस जातो. काय करू?

उत्तर: 'नाही' लिहू नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं वाक्य घेऊन गेलात तरी चालेल.

निकाल लागायला लागले की अशी पत्रं येऊ लागतात. कुणी वेम्बलीहून लिहितं, कुणी इलफर्डहून, कुणी हाउन्स्लोहून. गावं वेगळी, मजकूर तोच. प्रत्येकाला 20 तासांचा नियम पाठ असतो, त्यामुळे तो मी पुन्हा सांगत बसत नाही. आठवडा सोमवार ते रविवार मोजायचा, हेही तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या मूळ, लांब पत्रातले दोन परिच्छेद या तासांच्या हिशेबातच गेले आहेत, आणि तुमच्या प्रकरणात त्या हिशेबाला फारशी किंमत नाही.

कारण विद्यार्थी व्हिसाच्या अटींमध्ये तासांच्या शेजारीच दुसरी अट आहे: स्वयंरोजगार नाही, धंदा नाही. 20 तास नाही, एक ताससुद्धा नाही. कॅफेत कप विसळले असते, सुपरमार्केटात रात्री माल लावला असता आणि पगाराची स्लिप मिळत असती, तर तासांचा प्रश्न आला असता. डिलिव्हरी ॲपवर पगार नसतो, तिथे राइडर आपला आपण कंत्राटदार असतो. ही अट तुमच्या व्हिसाच्या मंजुरीसोबत आली होती, तुमच्या ऑनलाइन खात्यात आजही दिसते. पंधरा-सोळा लाखांचं कर्ज काढून इथे येणारी माणसं दोन ओळींची अट वाचत नाहीत, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आता यावर एक हुशार उत्तर ग्रुपवर फिरतं आणि ते तुमच्यापर्यंतही पोचलेलं दिसतंय: उबरच्या ड्रायव्हरांना सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये 'वर्कर', म्हणजे कामगाराचे हक्क असलेले, ठरवलं, मग आम्ही स्वयंरोजगारी कसे? तो निकाल खरा आहे. पण त्याच कोर्टाने नोव्हेंबर 2023 मध्ये डिलिव्हरू या फूड डिलिव्हरी ॲपच्या राइडरांबद्दल उलट निकाल दिला. इथल्याच कॅम्डेन भागातल्या राइडरांच्या युनियनला मान्यता हवी होती. कोर्टाने एकमताने सांगितलं की या राइडरांचं कंपनीशी नोकरीचं नातं नाही. मुख्य कारण काय, तर राइडरला आपल्या जागी दुसऱ्या कुणालाही पाठवता येतं. बदली माणूस पाठवायची मुभा असेल तर ती नोकरी कसली?

तुम्हाला ते अकाउंट भाड्याने मिळालं ते याच मुभेच्या आडोशाने. म्हणजे ज्या कलमामुळे तुमची सोय झाली, तेच कलम तुमच्या विरोधात सर्वांत भक्कम पुरावा आहे. तो खटला युनियनच्या हक्काचा होता, व्हिसाचा नव्हता, हे मान्य. एखादा हुशार बॅरिस्टर त्यातून फट काढेलही. पण ती फट शोधण्याचा खर्च तुमच्या सगळ्या डिलिव्हऱ्यांच्या कमाईपेक्षा जास्त होईल. त्यावर भिस्त ठेवू नका.

उन्हाळ्याचंही सांगून टाकते. बॅचलर्सच्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी असते. एका वर्षाच्या मास्टर्सला जून ते सप्टेंबर डिझर्टेशन (प्रबंध) चालू असतं, आणि ते सादर होईपर्यंत तुमची टर्मच चालू असते. वर्ग भरत नाहीत म्हणजे सुट्टी असं नव्हे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टर्मच्या तारखा असतात, मास्टर्सच्या वेगळ्या. तेव्हा 'तासही पाळले' हा तुमचा दावा उन्हाळ्यापुरता तसाही टिकत नाही.

म्हणजे अटभंग झाला आहे, एक नव्हे, दोन. आता खरा मुद्दा.

इमिग्रेशन नियमांमध्ये पूर्वीच्या अटभंगासाठी शब्द आहे 'अर्ज नाकारता येईल'. चालू अर्जात फसवणूक केल्याचं सिद्ध झालं तर शब्द आहे 'अर्ज नाकारलाच पाहिजे'. पहिल्यात अधिकाऱ्याच्या हाती विवेक असतो. किती काळ काम केलं, अभ्यासक्रम पूर्ण झाला का, हजेरी कशी होती, स्वतःहून सांगितलं की पकडल्यावर, हे सगळं त्याच्यापुढे मांडता येतं. दुसऱ्यात मांडायला काही उरतच नाही. आणि पुढचं बघा. अटभंग झालेला माणूस स्वतःहून, स्वखर्चाने देश सोडून गेला, तर परतीच्या व्हिसावरची सक्तीची बंदी 12 महिन्यांची असते. फसवणुकीची 10 वर्षांची. दोन्ही त्या नियमांतल्या एकाच तक्त्यात आहेत, हवं तर स्वतः पाहा. 'नाही' या दोन अक्षरांनी तुम्ही पहिल्या ओळीतून शेवटच्या ओळीत जाता.

'रेकॉर्ड कुठेच नाही' म्हणता. तुम्ही बँकेच्या स्टेटमेंटचे जे फोटो पाठवलेत ते मी नीट पाहिले. दर मंगळवारी एकाच माणसाकडून 180, 210, 195 पौंड येतात आणि संदर्भाच्या रकान्यात लिहिलंय 'भाजी'. एवढी भाजी कोण कुणाला विकतं? त्याच दिवशी त्याच माणसाला 60 पौंड परत जातात, तिथे संदर्भ 'बाइक'. शिवाय व्हॉट्सॲपवर शिफ्टचं बोलणं आहे, ॲपमध्ये चेहरा तपासायची वेळ आली की 'लवकर ये, फोटो मागतंय' असे निरोप आहेत, तुमच्या फोनच्या नकाशात रोजचे रस्ते आहेत. आणि सगळ्यांत मोठं रेकॉर्ड म्हणजे तो अकाउंटवाला, जो आजच कळवायची धमकी देतोय. सरकारचंही या कामावर आता बारीक लक्ष आहे. रस्त्यावर राइडरांना थांबवून चौकशी होते, आणि 2025 मध्ये झालेल्या नव्या कायद्यात कामाच्या हक्काची तपासणी अशा ॲपवरच्या कामालाही लागू करायची तरतूद केली आहे. आज कुणी विचारलं नाही म्हणून तीन वर्षांनी, स्किल्ड वर्कर या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जाच्या वेळी, विचारणार नाही असं नाही. तेव्हा आजचं 'नाही' बाहेर काढतील.

'हो' लिहिलंत तर व्हिसा मिळेलच का? मला सांगता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून लांब राहा. काहींना मिळतो, काहींना नाकारतात. अधिकाऱ्यागणिक फरक पडतो. आणखी एक, अटीविरुद्ध काम करणं हा इथे फौजदारी गुन्हाही आहे. विद्यार्थ्यांवर खटले सर्रास भरतात अशातला भाग नाही, पण लेखी कबुली देताय हे समजून द्या. म्हणून 'हो' च्या सोबतचं पत्र स्वतः लिहू नका, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तर अजिबात नको. किती सांगायचं, कोणत्या शब्दांत, कोणता कागद जोडायचा, हे तुमचे सगळे कागद समोर असणाऱ्या वकिलानेच, म्हणजे सॉलिसिटरनेच ठरवावं. मी तुमचं पत्र आणि सहा फोटो पाहिलेत, एवढ्यावर ते ठरत नाही.

सॉलिसिटर म्हणजे सॉलिसिटर. ग्रुपवरचे जे 'दादा' 150 पौंडांत फॉर्म भरून देतात, त्यांना विचारा की इमिग्रेशन सल्लागार म्हणून सरकारी नोंदणी आहे का. नोंदणीशिवाय असा सल्ला देणं या देशात 1999 च्या कायद्याने गुन्हा आहे. फॉर्ममध्ये खोटं निघालं की दादांचा नंबर बंद होतो, खाली सही तुमची असते.

विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात जाऊन मन मोकळं करायचा विचार असेल तर थोडं थांबा. तिथली माणसं चांगली असतात. पण विद्यापीठ तुमचं प्रायोजक आहे आणि अटभंग कळला तर होम ऑफिसला कळवणं त्याला भाग आहे. वकिलाकडे बोललेलं वकिलापाशी राहतं, म्हणून क्रम तसा ठेवा.

तीन आठवड्यांचं गणित सोपं आहे आणि त्यात चालढकल चालणार नाही. ग्रॅज्युएट रूटचा अर्ज इथूनच, सध्याचा व्हिसा जिवंत असताना आणि विद्यापीठाने निकाल कळवल्यानंतरच करता येतो. निकाल कळवून झालाय, तेव्हा तो अडसर नाही. मास्टर्स संपल्यावर मिळालेले चार महिने बहुतेक तुम्ही विचार करण्यात घालवलेत. मुदतीच्या आत अर्ज गेला की निर्णय होईपर्यंत सध्याचा व्हिसा आपोआप चालू राहतो, जुन्या अटींसकट. त्या काळात भारतात लग्नाला वगैरे गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात. मुदत एका दिवसानेही चुकली, तर अटभंग, फसवणूक हे सगळं राहिलं बाजूला, सहसा अर्जच उभा राहत नाही.

पैशांचं: आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड, दोन वर्षांचा 2,070. अर्ज नाकारला तर तो परत मिळतो, अर्जाची फी मिळत नाही. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी 18 महिनेच मिळणार आहेत, हे तुमच्या मागून येणाऱ्या मुलांसाठी सांगते.

नाकारलाच तर अपील नाही. 14 दिवसांत प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. ती होम ऑफिसच करतं, आणि कधी करतं ते त्यालाच ठाऊक. फेरतपासणीत चूक दाखवावी लागते, दया मागता येत नाही. म्हणून जे काही मांडायचं ते पहिल्याच अर्जात.

दुसरा मार्ग अर्ज न करण्याचा. व्हिसा संपायच्या आत स्वतःचं तिकीट काढून परत जाणं. तुमच्यावर कर्ज आहे, हे ऐकायला तुम्हाला आवडणार नाही. पण दोन-तीन वर्षांनी पुन्हा यायचं असेल तर काही जणांसाठी हाच मार्ग शहाणपणाचा ठरतो. अर्थात तेव्हाही फॉर्ममध्ये हाच प्रश्न येईल आणि उत्तर 'हो' च द्यावं लागेल. तुमच्यासाठी यातलं कोणतं बरं, हे पुन्हा कागद पाहिल्याशिवाय नाही.

घरच्यांसाठी एक वाक्य, कारण हे उत्तर सांगलीतही वाचलं जाईल. विद्यार्थी व्हिसा काढताना लंडनसाठी सध्या महिन्याला 1,529 पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचा खर्च, म्हणजे 13,761 पौंड, 28 दिवस खात्यात दाखवावे लागतात. ते पैसे उसने आणलेले असले आणि एकोणतिसाव्या दिवशी ज्याचे त्याला परत गेले, की मुलगा पाठीवर डब्यांची पेटी बांधून पावसात फिरतो. तुमच्या बाबतीत तसं झालं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मीही विचारत नाही.

आता अकाउंटवाला. त्याच्याकडे अडकलेले साधारण 400 पौंड विसरा. कायद्याने अशा व्यवहारातले पैसे कधीच मिळत नाहीत असं नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या एका निकालानंतर बेकायदा व्यवहार म्हटला की दावा सरसकट फेटाळत नाहीत. पण दाव्यात पहिल्याच पानावर तुम्हाला काय लिहावं लागेल? आणि छोट्या दाव्यांच्या कोर्टातही सुनावणीला अनेकदा वर्ष उलटतं. तोवर तुमचा व्हिसाचा निर्णय होऊन जाईल, दाव्यातली कबुली मात्र कोर्टाच्या फायलीत राहील. त्याची धमकी कदाचित ब्लॅकमेलच्या व्याख्येत बसेल, पण पोलिसात जायचं की नाही हेही वकिलाशी बोलून ठरवा. तुम्ही स्वतःच सगळं सांगून टाकलंत की त्या धमकीत दम राहत नाही. त्याला उलट धमकी देऊ नका, फोन घेऊ नका, आणि चॅट पुसू नका. पुसलेलं चॅट त्याच्या फोनवर राहतंच, तुम्ही पुसलंत एवढीच भर पडते.

सॉलिसिटरकडे जाताना पासपोर्ट, ई-व्हिसाच्या पानाची प्रत, विद्यापीठाचं निकालाचं पत्र, हजेरीचा दाखला आणि पूर्ण काळाची बँक स्टेटमेंट न्या, निवडक पानं नकोत. पहिल्या भेटीची फी आधी विचारा. तुमच्या जुन्या विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये मोफत सल्ला केंद्र असेल तर तिथेही इमिग्रेशनची प्रकरणं घेतात का ते पाहा. मात्र तिथे रांग असते आणि तुमच्याकडे रांगेत उभं राहायला वेळ नाही.

आणि 'सध्या आठवड्यातून दोनच दिवस जातो' हे तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात, ते वाचूनच मी हे पत्र रांगेतून पुढे काढलं. कोर्स संपल्यावर पूर्णवेळ नोकरी चालते, स्वयंरोजगार तेव्हाही चालत नाही. जुन्या चुकीबद्दल अधिकाऱ्याला लिहिता येतं की अट कळली तेव्हा काम थांबवलं. ते लिहिता यावं म्हणून आज थांबवा. आजच्या रात्रीची शिफ्टसुद्धा नको.