वाचकांचे प्रश्न : एका चेतातंतूचा माग

गेल्या अंकात आम्ही चेताशरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. अवतार सिंग पेंटल यांच्यावर छोटं टिपण छापलं होतं. त्यावर कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं शरीरक्रियाशास्त्राच्या अध्यापकांनी दिली आहेत.

प्रश्न : पेंटल यांचं नाव आमच्या पुस्तकात 'जे रिसेप्टर'च्या पुढे एका ओळीत येतं आणि संपतं. त्यांचं काम तेवढंच का? (बी.एससी. विद्यार्थिनी, राजारामपुरी)

नाही. ती ओळ त्यांच्यावर अन्याय करणारी आहे. रिसेप्टर म्हणजे शरीरातला बदल टिपून मेंदूला कळवणारी चेतातंतूंची टोकं; 'जे' हे 'जक्स्टा-कॅपिलरी'चं, म्हणजे 'केशवाहिन्यांलगतचे' या अर्थाच्या इंग्रजी नावाचं आद्याक्षर. १९२५ साली ब्रह्मदेशातल्या मोगोकमध्ये जन्म, लखनौला वैद्यकीय शिक्षण, मग एडिंबरोला डेव्हिड व्हिटरिज यांच्याकडे संशोधन. १९५३ मध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले, रक्ताच्या भरावाची खबर देणारे रिसेप्टर. १९५४ मध्ये जठर ताणलं की बोलणारे, म्हणजे 'पोट भरलं' हे मेंदूला कळवणारे. १९५५ मध्ये फुफ्फुसातले, पुढे 'जे' झाले ते. १९६० मध्ये स्नायूंतल्या दाब-वेदनेच्या तंतूंचा अभ्यास. सात-आठ वर्षांत एवढं. त्यानंतर दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचं संचालकपद, १९८१ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप, १९८६ मध्ये पद्मविभूषण आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं महासंचालकपद. संशोधनातल्या लबाडीविरुद्ध उभ्या राहिलेल्या 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज'चे ते पहिले अध्यक्ष. २००४ साली निधन. पदांची यादी मोठी आहे, पण आमच्या मते खरा माणूस त्याआधीच्या प्रयोगांत सापडतो.

प्रश्न : मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेत हजारो तंतू असतात. त्यातल्या एकाच तंतूचा संदेश वेगळा कसा काढला? आणि तो फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांजवळूनच आला, हे कशावरून ठरवलं? (विज्ञान शिक्षक, गडहिंग्लज)

प्रश्न मुळावर बोट ठेवणारा आहे, म्हणून जरा सविस्तर.

पूर्ण भूल दिलेल्या मांजराच्या मानेत व्हेगस उघडी करतात. भोवतीच्या कातडीच्या कडा वर ओढून कड्याला बांधल्या की वाटीसारखी जागा होते. तिच्यात शरीराइतपत कोमट लिक्विड पॅराफिन ओततात. तेलामुळे नस सुकत नाही आणि तिची वीज आजूबाजूच्या ओलाव्यात गळून जात नाही. मग नसेवरचं आवरण काढायचं, नस छोट्या काळ्या पाटीवर ठेवायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली घड्याळजीच्या चिमट्याने व बारीक सुईने तिचे उभे धागे सोडवत जायचं. आडवं ओढलं की धागा मेला. सुटलेला धागा चांदीच्या इलेक्ट्रोडवर टाकायचा, संदेश अँप्लिफायरमधून ऑसिलोस्कोपवर आणि स्पीकरवर घ्यायचा. पडद्यावर सगळे ठोके एकाच उंचीचे दिसले, तर धाग्यात बोलणारा तंतू एकच आहे. दोन उंचीचे दिसले, तर पुन्हा चिरायचं.

बिघडायच्या जागा ठरलेल्या. धाग्यावर ऊतीद्रवाचा थेंब राहिला की दोन इलेक्ट्रोडमध्ये पूल होतो आणि संदेश गायब. आर्थिंग कच्चं असलं की घरच्या वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची घरघर सगळं झाकून टाकते. तेल गार झालं की वेगाची मोजणी चुकते. सगळ्यात मोठी अडचण सी तंतूंची : ते मायलिनचं वेष्टण नसलेले, बारीक, त्यांचा ठोका इतका लहान की यंत्राच्या खरखरीत बुडतो. म्हणून आधीच्या संशोधकांना मुख्यतः जाड तंतूच 'ऐकू' आले.

तंतू कोणत्या जातीचा हे वेगावरून ठरतं. समजा, छातीच्या बाजूला नसेला विजेचा धक्का दिला आणि ६० मिलिमीटरवरच्या धाग्यात ठोका ४० मिलिसेकंदांनी उमटला. ६० भागिले ४०, म्हणजे सेकंदाला दीड मीटर : सी तंतू. हेच ३ मिलिसेकंदांत आलं असतं तर २० मीटर, म्हणजे मायलिनवाला. पण धक्क्याने उठलेला तंतू आणि श्वासाबरोबर बोलणारा तंतू एकच कशावरून? धक्क्याच्या जागेवरून एक आवेग मेंदूकडे जातो, दुसरा उलटा फुफ्फुसाकडे. उलटा जाणारा आवेग समोरून येणाऱ्या नैसर्गिक आवेगाला गाठतो आणि दोन्ही विझतात. तेवढा नैसर्गिक ठोका हुकला, तर तंतू तोच. ही खातरजमा गाळून नुसता वेग सांगणारा निबंध आम्ही तरी बाजूला ठेवू.

आता जागा. फिनाइल डायग्वानाइड हे रसायन हृदयाच्या उजव्या बाजूला टोचलं की दोन-तीन सेकंदांत तंतू पेटून उठतो. रक्त तेवढ्यात फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांपर्यंतच पोचलेलं असतं. श्वासनलिकांच्या भिंतींना रक्त महाधमनीच्या बाजूने मिळतं. रिसेप्टर तिथे असते, तर डाव्या बाजूला टोचल्यावर उत्तर लवकर यायला हवं होतं. तसं होत नाही. उलट भुलीच्या औषधाची वाफ फुफ्फुसात सोडली की तंतू लगेच बोलतो. म्हणजे जागा अशी, जी हवेलाही जवळ आणि केशवाहिनीलाही : वायुकोशाची भिंत. १९५५ मध्ये पेंटल यांनी त्यांना फुफ्फुस आकसल्यावर बोलणारे रिसेप्टर म्हटलं होतं. पुढे हृदयाच्या डाव्या बाजूची वाट अडवून फुफ्फुसात रक्त तुंबवल्यावर ते जास्त जोरात बोलतात हे दिसलं, आणि १९६९ च्या निबंधात त्यांनी ऊतींमध्ये साठणारा द्रव हा मुख्य उत्तेजक मानला. एरवी हे तंतू जवळपास गप्प असतात.

प्रश्न : लढतीत दम तुटला की पाय लटपटतात, मांड्यांतला जोरच जातो. वस्ताद म्हणतात, छाती भरली. हे तुमचे जे रिसेप्टर का? (तालमीत सराव करणारा, शिवाजी पेठ)

पेंटल यांचा तर्क जवळजवळ हाच होता. जोराच्या श्रमात फुफ्फुसातून जाणारं रक्त कितीतरी पटीने वाढतं, केशवाहिन्यांतला दाब चढतो, थोडा द्रव भिंतीत झिरपतो, जे रिसेप्टर जागे होतात आणि हातापायांच्या स्नायूंवर लगाम घालतात. म्हणजे फुफ्फुसात पाणी साठण्याआधीच शरीर माणसाला खाली बसवतं. मांजरांत जे रिसेप्टर उत्तेजित केल्यावर स्नायूंची प्रतिक्षिप्त क्रिया दबते, हे देशपांडे आणि देवनंदन यांनी १९७० मध्ये दाखवलंही.

माणसात मात्र गाडी अडली. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटाने लोबेलिन हे रसायन टोचून हे तंतू उत्तेजित करायचा प्रयत्न केला. श्वासाची अस्वस्थता आली, पण स्नायूंवरचा लगाम दिसला नाही. शिवाय हृदय-फुफ्फुस प्रत्यारोपण झालेल्यांच्या फुफ्फुसातली व्हेगसची जोडणी तुटलेली असते, तरी श्रमाने त्यांचा श्वास वाढतो आणि दमही लागतो. तेव्हा मांड्या सुटण्याचा दोष आधी स्नायूंतच शोधा : साठलेलं आम्ल, फॉस्फेट, खर्ची पडलेलं ग्लायकोजेन, आणि वजन उतरवायला तोडलेलं पाणी. हे शेवटचं आपल्याकडे फार चालतं आणि फार महाग पडतं.

एक मात्र लक्षात ठेवा. थोड्याच श्रमाने दम, आडवं झाल्यावर वाढणारा दम, गुलाबी फेसाचा खोकला, छातीत आवळणं किंवा चक्कर, यांतलं काहीही असेल तर वस्तादांना विचारत बसू नका, थेट दवाखान्यात जा.

प्रश्न : आमचं मिरची कांडप आहे. हंगामात खकाणा उडाला की गिऱ्हाइकांनाही ठसका लागतो. नाकातोंडाला रुमाल बांधूनही फरक नाही. का? (कांडप चालक, इचलकरंजी)

मिरचीतलं कॅप्सायसिन श्वासमार्गातल्या सी तंतूंच्या टोकांवरची टीआरपीव्ही१ नावाची वाहिनी, म्हणजे पेशीच्या पडद्यातलं एक दार, उघडतं. साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेला उघडणारी वाहिनीही हीच, म्हणून तिखट 'भाजतं'. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ती १९९७ मध्ये शोधली; २०२१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. पेंटल यांच्या विषयाशी संबंध असा की फुफ्फुसातले सी तंतू जागे करायला प्रयोगशाळांत पुढे कॅप्सायसिनच सर्रास वापरलं गेलं. कोलरिज दांपत्याने त्याच वाटेने जाऊन फुफ्फुसातले आणि श्वासनलिकांतले सी तंतू वेगळे दाखवले. तुमच्या गिऱ्हाइकांचा ठसका बहुतेक घशातल्या आणि श्वासनलिकांतल्या तंतूंचा. वायुकोशांपर्यंत जायला कण फार बारीक लागतात.

रुमालाच्या विणीतून बारीक कण आरपार जातात, आणि कडेने हवा शिरते ती वेगळीच. एन-९५ मास्क नाकावर पट्टी दाबून नीट बसवा. दाढी असेल तर तो कडेला गळतो. डंकाच्या तोंडाला कापडी पिशवी घट्ट बांधा, ओढणारा पंखा यंत्राच्या मागे भिंतीत बसवा. छताचा पंखा बंद, तो खकाणा सगळीकडे फिरवतो. कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. हाताला लागलेलं तिखट नुसत्या पाण्याने जात नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही : आधी तेल चोळा, मग साबण. दमेकऱ्याला कांडपाच्या खोलीत उभंच करू नका.

प्रश्न : नर्व्ह कंडक्शन चाचणीला (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजायला) पेशंट पाठवला की तिथे आधी हात शेकत बसवतात. वेळ वाया जातो असं वाटतं. खरंच गरज असते का? (फिजिओथेरपिस्ट, ताराबाई पार्क)

असते. डिसेंबरच्या सकाळी दुचाकीवरून आलेल्या माणसाचा हात २७-२८ अंशांवर असू शकतो. त्वचा एक अंशाने गार झाली की वेग सेकंदाला सुमारे दोन मीटरने घटतो. हात ३२ अंशांच्या वर हवा. नाहीतर निरोगी माणसाच्या माथी कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबण्याचा आजार, मारला जातो.

हिशेब साधा आहे. हाताच्या मधून जाणाऱ्या मीडियन नसेला मनगटाशी धक्का दिल्यावर अंगठ्याच्या उंचवट्यावर प्रतिसाद ३.४ मिलिसेकंदांनी, कोपराशी दिल्यावर ७.४ मिलिसेकंदांनी. दोन धक्क्यांच्या जागांमध्ये अंतर २२० मिलिमीटर. २२० भागिले ४, म्हणजे सेकंदाला ५५ मीटर : ठीक. टेप १० मिलिमीटरने चुकली की उत्तर अडीच मीटरने हलतं. मोजायचं ते कॅथोडपासून (धक्का देणाऱ्या ऋण टोकापासून) कॅथोडपर्यंत, हात चाचणीत होता त्याच स्थितीत ठेवून. धक्का कमी पडला तर सगळ्यात जलद तंतू उठेलच याची खात्री नाही. जास्त झाला तर शेजारची अल्नर नस उठते आणि लहरीचा आकारच बदलतो.

गारव्याचं हे प्रकरण पेंटल यांनी १९६५ च्या सुमारास मांजराच्या एकेकट्या तंतूंवर बारकाईने मोजलं. मायलिनवाले तंतू साधारण ७-८ अंशांना बंद पडतात, सी तंतू त्याहून गारव्यातही चालू राहतात. म्हणूनच व्हेगस गार करून 'हे काम जाड तंतूंचं की सीचं' हे विचारण्याची पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली.

प्रश्न : एम.एस्सी.च्या सेमिनारला पेंटल यांचा प्रभाव मांडायचा आहे. किती निबंधांत त्यांचे संदर्भ आले, ते मोजून चालेल का? (विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर)

आकडा द्या, पण त्यावर थांबू नका. पद्धतीच्या निबंधाला संदर्भ ढीगभर मिळतात, आणि पाठ्यपुस्तकात मुरलेल्या शोधाला पुढे कुणी संदर्भ देतच नाही. त्यापेक्षा एकच दावा धरा. आधी पेंटल यांचा 'फिजिऑलॉजिकल रिव्ह्यूज'मधला १९७३ चा व्हेगसवरचा आढावा वाचा, मग १९६९ चा मूळ निबंध, मग कोलरिज दांपत्याचा १९८४ चा आढावा, शेवटी १९९८ चा विरोधी प्रयोग. प्रत्येकातून तीनच गोष्टी वहीत उतरवा : प्राणी कोणता, रसायन कुठे टोचलं, उत्तर किती सेकंदांनी आलं. 'जे रिसेप्टर' आणि 'फुफ्फुसातले सी तंतू' ही दोन नावं वेगवेगळ्या गटांनी जवळपास त्याच तंतूंसाठी वापरली आहेत, तेव्हा शोध दोन्ही नावांनी घ्या. एकाच नावाने शोधलंत तर अर्धं वाङ्मय हातातून निसटेल.