पॅपचा रिपोर्ट ‘अ‍ॅबनॉर्मल’ आला तर

अगं, पॅप म्हणजे गर्भाशयमुखाच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या) पेशींची तपासणी. तिच्या रिपोर्टवरचा नेमका शब्द आधी बघ. ‘अ‍ॅबनॉर्मल’ म्हणजे कॅन्सर नव्हे. माझ्या रिपोर्टवर ‘एएससी-यूएस’ होतं. म्हणजे पेशी जरा वेगळ्या दिसतात, पण ठामपणे काही सांगता येत नाही. मी तीन रात्री मोबाइलवर शोधत बसले आणि घरात कुणाजवळ बोलले नाही. तू असं करू नकोस. बहिणीला, नवऱ्याला, कुणाला तरी आजच सांग.

यामागे बहुतेकदा एचपीव्ही विषाणू असतो. तो सर्रास आढळतो आणि बहुतेकींच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप जातो. टिकून राहिला तरी कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात; प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्याहून कमी. म्हणून डॉक्टर ‘वर्षाने या’ म्हणाले, तर ते तुला टाळत नाहीयेत. आणि शरीरसंबंधांतून येणारा हा विषाणू नेमका कधी आला हे सांगता येत नाही, तेव्हा नवऱ्यावर किंवा स्वतःवर संशय घेऊ नकोस.

मात्र ‘एचएसआयएल’ (म्हणजे पेशींमधले जास्त गंभीर बदल) असेल, किंवा एचपीव्हीचा जास्त धोक्याचा १६ वा १८ नंबरचा प्रकार निघाला, तर कॉल्पोस्कोपीची तारीख लगेच घे. त्यात व्हिनेगरसारखं द्रावण लावून गर्भाशयमुख भिंगातून बघतात, गरज वाटली तर छोटासा तुकडा तपासायला घेतात. त्या दिवसांत पाळी येणार असेल तर आधीच कळव.

पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेव. मधे संबंधांनंतर किंवा पाळी नसताना रक्त गेलं, तर त्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठ.