पहिल्या मोर्चाला जाण्याआधी

मुलं मोर्चात का येतात, असं तू विचारलंस. विचारधारेमुळे, हे उत्तर मीही पूर्वी ठोकून द्यायचो. पण बहुतेक जण पहिल्यांदा येतात ते जवळचा मित्र 'चल' म्हणाला म्हणून. यात कमीपणा नाही. 1960 साली अमेरिकेत ग्रीन्सबरोला, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या लंच काउंटरवर जाऊन बसलेले चौघे एकाच कॉलेजातले, पहिल्या वर्षाचे दोस्त होते. वसतिगृहाच्या खोलीत रात्री-रात्री वाद घालून त्यांचं ठरलं होतं.

आणि ठिणगी बहुधा हाताशी असते. दक्षिण आफ्रिकेत, सोवेटो या काळ्यांच्या वस्तीत 16 जून 1976 ला शाळकरी पोरं रस्त्यावर उतरली ती आफ्रिकान्समधून, म्हणजे गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून, शिकण्याच्या सक्तीविरुद्ध. त्या एका सक्तीत त्यांना अख्खा वर्णभेद दिसत होता. अहमदाबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात डिसेंबर 1973 मध्ये मेसचं बिल वाढलं आणि फेब्रुवारी 1974 मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. मधल्या काळात महागाईने पिचलेले पालकही त्यात उतरले होते, हे विसरू नकोस.

वेळ असतो, संसार नसतो, सगळे एका आवारात राहतात, हेही कारण आहेच.

तुला एवढंच सांगतो: मागणी दोन वाक्यांत सांगता येते का, ते आधी पाहा. येत नसेल तर घोषणा देऊ नकोस, नुसता ऐक. कुणी दगड हातात दिला तर देणारा कुठल्या गटाचा आहे ते विचार. मला एकदा उत्तर मिळालं नव्हतं आणि मी तिथून सटकलो. कुठे जातोयस ते घरी एकाला तरी सांगून जा.