सगळंच 'मॅच' होत नाही

प्रिय पोरा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं इंग्रजी भाषांतर वाचलं. मूळ मराठी तुला चांगलं कळलंय, वाक्यंही सुटसुटीत आहेत. फक्त मुळात जिथे 'जुळणे', 'मेळ बसणे' किंवा 'एकाच वेळी येणे' असं काही आलं, तिथे तू 'मॅच' ठेवून मोकळा झालास. माहितीपत्रात दसरा गांधी जयंतीशी 'मॅच' झाला, पावत्या रजिस्टरशी 'मॅच' झाल्या अन् बसचं वेळापत्रकही मेट्रोशी 'मॅच' झालं. वाचणाऱ्याला अर्थ लागेल, पण हे इंग्रजी नव्हे.

समानार्थी शब्दांची यादी पाठ करू नकोस. तिने नुकसानच होतं, कारण यादीत सगळे शब्द एका रांगेत, एकाच वजनाचे दिसतात. आधी स्वतःला विचार, मी कशाशेजारी काय ठेवतोय? मोजमाप, रंग, वेळ की आकडे?

आपल्या नागपुरात बर्डीवरच्या मॅचिंग सेंटरात साडी घेऊन गेलेली बाई काय शोधते? त्याच रंगाचं ब्लाउजपीस. तिथे 'मॅच' अगदी बरोबर, दोन गोष्टी सारख्या किंवा जोडीच्या असणं. पत्रिका जुळतात तेव्हाही 'द होरोस्कोप्स मॅच' चालतं. पण तेच ब्लाउज शिवून आलं अन् खांद्यात घट्ट झालं, तर ते 'फिट' होत नाही. मापात बसलं, रंगही मिळाला, पण तिला तो रंग शोभला नाही, तर 'इट डझन्ट सूट हर'. एकाच कपड्याला तीन क्रियापदं, आणि त्यातलं एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. या तिघांनंतर कर्म थेट येतं. 'सूट्स टू मी' किंवा 'फिट्स टू मी' आपल्याकडे सर्रास लिहितात, ते सोडून दे. सोयीसाठीही 'सूट'च लागतं: 'डझ फ्रायडे सूट यू?'

आता वेळेबद्दल. तुझी सगळ्यात मोठी अडचण इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. दोन घटना एकाच वेळी आल्या तर 'कोइन्साइड', आणि त्यापुढे दुसरी घटना सांगायची असेल तर 'विथ' हवंच. 2025 साली दसरा 2 ऑक्टोबरला आला, म्हणजे तो गांधी जयंतीशी 'कोइन्सायडेड विथ'. दीक्षाभूमीचं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. 1956 साली विजयादशमी 14 ऑक्टोबरला होती आणि बाबासाहेबांनी त्या दिवशी धम्मदीक्षा घेतली. तिथी सरकते, तारीख सरकत नाही, म्हणून एरवी बहुतेक वर्षी हे दोन दिवस वेगळे पडतात. हे इंग्रजीत सांगताना 'द टू डेट्स डोन्ट युज्वली कोइन्साइड' लिही. साध्या मजकुरात 'फॉल ऑन द सेम डे' त्याहून बरं वाटतं. क्रियापद भारदस्त असलं म्हणजे बरोबर असतं असं नाही.

'कोइन्साइड'मध्ये तक्रार नसते. तक्रार असेल तर 'क्लॅश'. हिवाळी अधिवेशन आणि तुझ्या चुलतभावाचं लग्न एकाच आठवड्यात आलं, तर नुसती बातमी देताना 'कोइन्साइड'. पण तुझी ड्यूटी विधानभवनावर लागलीय अन् वरात त्याच संध्याकाळी निघतेय, तर 'क्लॅश'. थोडा भाग एकमेकांवर येत असेल, म्हणजे तुझी पाळी सहाला संपते आणि पुढच्याची साडेपाचला सुरू होते, तर 'ओव्हरलॅप'. दोन वेळा कुणी मुद्दाम जुळवून आणल्या असतील तर 'टाइम्ड टू कोइन्साइड विथ'. नुसतं 'कोइन्सायडेड' लिहिलंस तर वाचणारा त्याला योगायोग समजेल.

बसच्या वेळापत्रकाला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. सीताबर्डी इंटरचेंजला मेट्रोच्या ऑरेंज आणि ॲक्वा या दोन मार्गिका एकमेकींना छेदतात, तिथे 'इंटरसेक्ट'. पण मेट्रो पोचते, माणूस जिना उतरतो अन् बस निघते, हे 'डव्हटेल'. सुतार ड्रॉवरच्या कोपऱ्याला कबुतराच्या शेपटीसारखे पसरट दात कापतो आणि दोन फळ्या एकमेकींत अडकवतो. शब्द तिथून आला. दोन गोष्टी एकाच वेळी होत नाहीत, एकीच्या खाचेत दुसरी बसते. बस मेट्रोबरोबर 'कोइन्साइड' झाली, तर उतारूला ती पळताना दिसेल!

पावत्यांसाठी 'टॅली'. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं हे नाव तू संगणकावर रोज बघतोस. मूळ अर्थ लाकडाची काठी. इंग्लंडात देण्याघेण्याच्या खाचा काठीवर पाडून ती उभी चिरत आणि अर्धी अर्धी दोघांकडे ठेवत. हिशेबाच्या वेळी तुकडे शेजारी धरले की खाचा जुळायला हव्यात. सरकारी खजिन्याने हा कारभार 1826 साली बंद केला आणि 1834 मध्ये साठलेल्या काठ्या जाळताना वेस्टमिन्स्टरचं संसद भवनच पेटलं. म्हणून वेगवेगळ्या ठेवलेल्या दोन नोंदी पडताळताना हाच शब्द शोभतो. आकडे नसून कुणाचं म्हणणं असेल, तर 'डझन्ट स्क्वेअर विथ द फॅक्ट्स'. आपण नागपूरकर चौकालाही स्क्वेअर म्हणतो. इथला स्क्वेअर मात्र सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचा.

'करस्पॉन्ड टू' म्हणजे त्याच्या बरोबरीचं असणं, जसं नकाशावरचा ठिपका जमिनीवरच्या जागेशी. 'करस्पॉन्ड विथ' म्हणजे बहुतेक वेळा पत्रव्यवहार. आणि 'अग्री' फक्त माणसांचं नसतं, कर्ता-क्रियापदाचंही असतं, पोटाचंही असतं. सावजीचा रस्सा झेपला नाही तर 'इट डिडन्ट अग्री विथ मी' म्हणायचं. रश्श्याला नावं न ठेवता सुटायची ही सोय मला फार आवडते.

आता तुझं पान घे. दसऱ्याच्या ओळीत 'कोइन्सायडेड विथ', पावत्यांच्या ओळीत 'टॅली विथ', बसच्या ओळीत 'डव्हटेल विथ'. शेवटच्या परिच्छेदात गणवेशाच्या रंगाला लावलेलं 'मॅच' तसंच राहू दे, तिथे ते बरोबर आहे, फक्त त्याच्या पुढचं 'टू' काढ. शनिवारच्या आत पाठव, रविवारी मी काटोलला जाणार आहे.

तुझा,
काका