पहिल्या महायुद्धात नॅरोगेज मार्गावरील वाफेची इंजिने थेट खंदकांपर्यंत का नेत नसत?

दिवसा त्यांचा धूर आणि वाफ, तर रात्री भट्टीचा उजेड शत्रूच्या तोफखान्याला नेमके ठिकाण दाखवून देत असे, म्हणून ती पुढे नेत नसत. ब्रिटिश सैन्याच्या ६०० मिलिमीटर रुंदीच्या मार्गांवर वाफेचे इंजिन मागच्या तळाकडून तोफगोळे आणि रसद आणून ठेवी, आणि तिथून पुढचा टप्पा २० किंवा ४० अश्वशक्तीची सिम्प्लेक्स पेट्रोल इंजिने पार पाडीत. अर्थात ही हद्द कुठे आखून दिलेली नव्हती. भूप्रदेशाचा आडोसा आणि काळोख यांनुसार ती पुढेमागे होई.

वाफेच्या इंजिनांपैकी बाल्डविन या अमेरिकी कंपनीची सर्वाधिक परिचित आहेत: ब्रिटिश कारखाने कामाने भरलेले असल्याने १९१६-१७ मध्ये अमेरिकेत अशी ४९५ इंजिने बांधून घेतली गेली. त्यांच्यासोबत पाणी ओढण्याची नळी असे, ती ओढ्यात किंवा तोफगोळ्याने पडलेल्या, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात सोडून टाक्या भरता येत. मात्र चिखलात घाईने अंथरलेल्या रुळांवर ही वरच्या बाजूने काहीशी जड इंजिने सहज घसरत, आणि ही तक्रार शांततेच्या काळातही त्यांचा पिच्छा सोडत नव्हती. युद्धानंतर काही भारतातील साखर कारखान्यांत आली. वेल्समधील वेल्श हायलँड रेल्वेने १९२३ मध्ये घेतलेले क्रमांक ५९० चे इंजिन तेथील चालकांना फारसे आवडले नाही, आणि १९४२ मध्ये ते भंगारात निघाले.