क्लिनिकचं कर्ज की पीएचडीची फेलोशिप?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक 32 वर्षांच्या ओरल सर्जन आहेत. एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर त्या पुण्यातल्या चार-पाच क्लिनिकमध्ये व्हिजिटिंग कन्सल्टंट म्हणून इम्प्लांट बसवतात आणि महिन्याला सरासरी 95,000 रुपये मिळवतात. पती खासगी कंपनीत आहेत, त्यांच्या हातात 82,000 येतात. मुलगा साडेपाच वर्षांचा. शैक्षणिक कर्ज 14 लाख शिल्लक, हप्ता 23,600. तो धरून घरखर्च 1,12,000. बचत 11 लाख. आता दोन वाटा समोर आहेत. एक, स्वतःचं इम्प्लांट सेंटर : खर्च 60 लाख, त्यात 45 लाख बँकेचं कर्ज आणि 15 लाख निवृत्त शिक्षक असलेल्या वडिलांचे. दुसरी, पुण्यातल्याच एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत पूर्णवेळ पीएचडी. विषय, जबड्याचं झिजलेलं हाड पुन्हा वाढावं म्हणून वापरायचे स्कॅफोल्ड, म्हणजे नव्या हाडाला आधार देणारे सांगाडे. “मन संशोधनात आहे, पण घरच्यांना तो वेडेपणा वाटतो. हिशेब तुम्ही करून सांगा,” असं त्यांनी लिहिलं आहे.

डॉक्टर, हिशेब मांडतो. आधी क्लिनिक.

45 लाखांवर 11 टक्के व्याज आणि सात वर्षांची मुदत धरली तर हप्ता सुमारे 77,000 येतो. व्याजापोटी जवळजवळ 20 लाख जातील. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांप्रमाणे जागेचं भाडं 50,000 आणि तिघांचे पगार 60,000. म्हणजे पहिला पेशंट खुर्चीत बसायच्या आधी दर महिन्याला 1,87,000 रुपये बाहेर. आज तुम्हा दोघांची मिळून कमाई 1,77,000 आहे. इम्प्लांट, बोन ग्राफ्ट, मेम्ब्रेन, लॅबचं बिल हे सगळं त्याच्यावर. शिवाय आज जी क्लिनिकं तुम्हाला बोलावतात, त्यांच्याच शेजारी तुम्ही पाटी लावणार. त्यातली काही बोलावणं बंद करतील, आणि तो तुटलेला पैसा तुमच्या तक्त्यात कुठेच नाही.

त्या 60 लाखांत सर्वांत मोठं यंत्र सीबीसीटीचं, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनचं आहे. ते नकोच. पुण्यात स्कॅन सेंटरं भरपूर आहेत, पेशंटला चिठ्ठी देऊन पाठवता येतं. यंत्राचा हप्ता डोक्यावर असला की गरज नसताना स्कॅन लिहिण्याचा मोह होतो. तुमच्या पत्रावरून तुमचा स्वभाव तसा वाटत नाही, म्हणून तुम्हाला त्याचा त्रासच जास्त होईल.

वडिलांच्या 15 लाखांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : कुठल्याही वाटेवर त्यांना हात लावू नका. ते पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 30,750 रुपये त्यांच्या खात्यात येतात. पेन्शनच्या जोडीला ही रक्कम त्यांच्या म्हातारपणाचा स्वतंत्र आधार आहे. वडील प्रेमानं देतात, पण क्लिनिक मंदावलं तर ते पैसे परत मागायची त्यांना हिंमत होणार नाही.

आता पीएचडी. ज्युनियर रिसर्च फेलोशिप 2023 पासून दरमहा 37,000 आहे. वसतिगृह घेतलं नाही तर पुण्यासारख्या शहरात 30 टक्के घरभाडे भत्ता मिळतो, म्हणजे एकूण 48,100. दोन वर्षांनी सीनियर झालात की 42,000 अधिक भत्ता, म्हणजे 54,600. पूर्णवेळ फेलोशिपवर असताना बाहेरची प्रॅक्टिस चालत नाही. आजच्या 95,000 शी तुलना केली तर पाच वर्षांत जवळपास 26 लाखांची कमाई तुम्ही सोडणार. प्रॅक्टिस दरवर्षी थोडी वाढली असती, त्यामुळे खरा आकडा आणखी मोठा. ही या निर्णयाची किंमत आहे, आणि ती घरच्यांसमोर उघडपणे मांडा. त्यांना वेडेपणा वाटतो त्यामागे हीच धास्ती असेल, आणि ती खोटी नाही.

तरी माझा कल पीएचडीकडे आहे. 26 लाख ही न मिळालेली कमाई आहे, 45 लाख हे फेडायचं कर्ज. न मिळालेल्या कमाईसाठी बँक दारात येत नाही. दोन वर्षांनी संशोधनात मन रमलं नाही तर तुम्ही पुन्हा कन्सल्टंट म्हणून उभ्या राहू शकता, हात तोच असतो. क्लिनिकचं कर्ज मात्र सात वर्षं वाट बदलू देत नाही, आणि तोवर तुम्ही चाळिशीला टेकलेल्या असाल. क्रम उलटा लावला तर संशोधन जवळजवळ कायमचं सुटतं.

पण या क्षेत्रात पैसा कसा आणि किती उशिरा येतो, हे डोळे उघडे ठेवून पाहा. स्वीडिश संशोधक पेर-इंगव्हार ब्रॉनमार्क यांना टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे सशाच्या पायात 1952 मध्ये दिसलं. माणसाच्या जबड्यात पहिला इम्प्लांट 1965 मध्ये बसला, आणि जगभरच्या दंतवैद्यांनी ते मान्य केलं 1982 च्या टोरोंटो परिषदेनंतर. तीस वर्षं. अमेरिकन अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी खनिजं काढून टाकलेल्या हाडात नवं हाड तयार करायची ताकद असते हे 1965 मध्ये दाखवलं. त्यातून आलेल्या बीएमपी-2 या हाड वाढवणाऱ्या प्रथिनाला अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी 2002 मध्ये मंजुरी मिळाली, आणि जबड्यातल्या ठरावीक वापरासाठी 2007 मध्ये. त्यामुळे ‘पेटंट घेईन, कंपनी येईल, पैसे सुटतील’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य नियोजनातून काढून टाका. संस्थेत लागलेला शोध सहसा संस्थेच्या मालकीचा असतो आणि तुमचा वाटा तिच्या नियमाप्रमाणे मिळतो. पैशाची योजना पगारावर आखायची, रॉयल्टी आली तर ती वरकड.

पगार कुठून? इथे एक गोष्ट घरी सांगितलेली बरी. डेंटल कॉलेजात शिकवायला एमडीएस पुरतं, पीएचडीची सक्ती नाही. तुम्हाला फक्त कॉलेजची नोकरी हवी असती तर पाच वर्षं घालवू नका असंच मी म्हटलं असतं. पीएचडीचा उपयोग दुसरीकडे होतो : एम्समध्ये असिस्टंट प्रोफेसर किंवा आयआयटीत ग्रेड 1 असिस्टंट प्रोफेसर, जिथे मूळ वेतन 1,01,500 पासून सुरू होतं, त्रिवेंद्रमची श्री चित्रा तिरुनाल ही वैद्यकीय संशोधन संस्था, जिथे देशी कृत्रिम हृदयझडप आणि रक्तपिशवी तयार झाली, किंवा इम्प्लांट आणि ग्राफ्ट बनवणाऱ्या कंपन्यांचे संशोधन विभाग. शस्त्रक्रिया करणारे हात आणि पदार्थविज्ञानाची जाण एकाच माणसात असणं आपल्याकडे विरळ आहे. पुढे स्वतःची कल्पना असेल तर बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला पाठबळ देणाऱ्या सरकारी संस्थेची बिग योजना 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत अनुदान देते. क्लिनिकसाठी जेवढं कर्ज स्वतःच्या डोक्यावर घेणार होतात, साधारण तेवढ्याच रकमेची उपकरणं आणि प्रयोग अनुदानातून होतात. मात्र हा पैसा प्रकल्पाचा असतो, घरखर्चाचा नाही.

होकार कळवण्यापूर्वी संस्थेकडून एक गोष्ट लेखी घ्या : फेलोशिप तुमच्या नावावर आहे की गाइडच्या प्रकल्पावर? प्रकल्पावर असेल आणि तो तीन वर्षांचा असेल, तर चौथ्या वर्षी पैसे कुठून येणार हे आजच विचारा. संकोच करू नका, चांगला गाइड या प्रश्नानं दुखावत नाही. फेलोशिपची रक्कम कधी कधी काही महिने रखडते, म्हणून बचतीतले 7 लाख, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, बँकेत आणि लिक्विड फंडात बाजूला ठेवा. उरलेले 4 लाख शैक्षणिक कर्जात भरा. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून मागा. एरवी मी मुदत कमी करायला सांगतो, पण तुम्हाला पुढची पाच वर्षं दरमहा मोकळा पैसा जास्त मोलाचा आहे. दर आणि मुदत मी धरली तशी, साडेदहा टक्के आणि सात वर्षं असेल, तर हप्ता 16,900 च्या आसपास येईल. मग दोघांचे मिळून 1,30,100 आणि खर्च साधारण 1,05,300. महिन्याला पंचवीस हजारांच्या आत-बाहेर उरतात. ऐसपैस नाही, पण घर चालतं.

यापुढे घर पतीच्या पगारावर जास्त टेकणार, म्हणून त्यांचा किमान दीड कोटींचा टर्म विमा आधी काढा, प्रवेश नंतर घ्या. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही, तेवढा भार हलका झाला आहे. त्यांची नोकरी गेली किंवा डळमळली तर पीएचडीतून रजा घेता येते का, तेही विचारून ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तीच मला सर्वांत जास्त खुपते. प्रॅक्टिस थांबवली म्हणून प्रोफेशनल इन्डेम्निटीची, म्हणजे उपचारांबद्दल पेशंटनं केलेल्या दाव्यांपासून संरक्षण देणारी पॉलिसी बंद करू नका. या पॉलिसीत दावा दाखल होतो त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. गेल्या वर्षी बसवलेला इम्प्लांट दीड वर्षानं सैल झाला आणि पेशंट ग्राहक आयोगात गेला, तर बंद पॉलिसी काहीच देणार नाही. नूतनीकरण खंड न पडता करा, जुनी रेट्रोअॅक्टिव्ह तारीख (जिच्यानंतरच्या उपचारांना संरक्षण मिळतं ती) कायम राहिली आहे ना हे कागदावर पाहा. राज्य दंत परिषदेची नोंदणीही चालू ठेवा. परतायचं दार त्यामुळेच उघडं राहतं.

साडेचार लाख फी घेऊन शनिवार-रविवारी चालणारी इम्प्लांटची ‘फेलोशिप’ मात्र नको. तुम्ही आधीच सर्जन आहात, आणि त्या प्रमाणपत्रानं संशोधनात एकही दार उघडत नाही. परदेशी जायचंच असेल तर स्वीडनमध्ये अर्ज करा. तिथे डॉक्टरेट ही पगारी नोकरी असते आणि शिक्षण शुल्क लागत नाही. कर्ज काढून परदेशी पीएचडी करू नका.

शेवटी, मुलाचे दुधाचे दात पडायला लागलेत आणि त्यातल्या स्टेम सेल्स बँकेत ठेवाव्यात का, हा तुमचा प्रश्न. ठेवू नका. दुधाच्या दातांत अशा पेशी सापडतात हे 2003 पासून माहीत आहे, पण 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी नाळेच्या रक्ताखेरीज इतर जैविक नमुन्यांच्या व्यावसायिक बँकिंगला परवानगी दिलेली नाही. या विषयात तुम्ही काम करणार आहात, तेव्हा उपचार कुठवर आले आहेत हे विक्रेत्यापेक्षा तुम्हाला आधी कळेल. ते पैसे त्याच्या नावच्या पीपीएफ खात्यात टाका.