एकच शो अनेक स्टेशनांना देताना

आधी एक सांगतो, रेडिओ स्टेशनला तुमच्या गाण्यांच्या निवडीइतकीच तुमच्या वक्तशीरपणाची पर्वा असते. गुरुवारी फाइल देतो म्हणालात की गुरुवारीच द्या, कारण तिथे ती बऱ्याचदा माणूस नव्हे, ऑटोमेशन (कार्यक्रम आपोआप वाजवणारं सॉफ्टवेअर) उचलतं. म्हणून फाइलचं नाव ठरवा आणि ते दर आठवड्याला तेच ठेवा. तारीख फोल्डरच्या नावात किंवा मेटाडेटात (फाइलच्या आत साठवलेल्या माहितीत) टाका. नावात एक स्पेस जास्त पडली तरी सिस्टिमला फाइल सापडत नाही आणि मागचाच भाग पुन्हा वाजतो.

तासाचा शो म्हणजे ६० मिनिटांची सलग फाइल नव्हे. जाहिराती आणि बातम्यांसाठी जागा हवी, त्यामुळे तुकडे करून द्या. सोबत क्यू शीट हवीच: प्रत्येक तुकड्याची मिनिटं-सेकंदांत लांबी, शेवटचे शब्द, गाण्यांची यादी. ही यादी स्टेशनला रॉयल्टीच्या हिशेबासाठीही लागते. शोमध्ये वेळ, हवामान, "शुभ सकाळ" असलं काही बोलू नका; कुठे तो मध्यरात्री लागेल, कुठे दुपारी.

आवाजाची पातळी सगळ्या भागांत सारखी ठेवा. युरोपात प्रसारणासाठी ईबीयू (युरोपातल्या प्रसारकांची संघटना) हिच्या आर १२८ या शिफारशीप्रमाणे −२३ एलयूएफएस (आवाज किती मोठा जाणवतो ते मोजायचं एकक) धरतात. तुमच्या स्टेशनांना काय हवं ते विचारून घ्या. एक कालातीत राखीव भागही आधीच पाठवून ठेवा, आजारपणात कामी येतो.

हक्कांचं मात्र लेखी करा. स्टेशनचा संगीत परवाना साधारणपणे त्यांच्या प्रसारणापुरता असतो. तोच शो तुम्ही पॉडकास्ट म्हणून टाकलात तर वेगळी परवानगी लागते.